अकराशे ग्रॅमची टेरियर

पत्र : आम्ही इंदूरला सुदामा नगरमध्ये राहतो. घरात मी, मिस्टर, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासूबाई. मुलांच्या हट्टापायी महिन्याभरापूर्वी यॉर्कशायर टेरियरचं पिल्लू आणलं. मादी आहे, नाव चिंगी, आता तीन महिन्यांची, वजन १ किलो १०० ग्रॅम. विकणाऱ्याने ‘ही टीकप यॉर्की, एवढीच राहील’ म्हणून जास्तीचे पैसे घेतले. गेल्या रविवारी सकाळी ती उठेचना. डोळे थिजलेले, मान लटपटत होती, अंग गार. दवाखान्यात ग्लुकोज चढवल्यावर तासाभरात पळायला लागली. डॉक्टर म्हणाले, शुगर कमी झाली होती. एवढ्याशा पिल्लाला असं का होतं? तिच्या खाण्याला ती तोंड लावत नाही, पण सासूबाईंच्या हातून पोहे, सेव, जिलबी खाते. बेल वाजली की घर डोक्यावर घेते, कामाला येणाऱ्या बाईंच्या पायांना चावायला धावते. एवढीशी आहे म्हणून सगळे हसतात. आता उन्हाळा येतोय आणि ग्रूमिंगवाला म्हणतो, सगळे केस मशीनने उडवून टाका. काय करावं?

उत्तर :

नमस्कार ताई,

रविवारी तुम्ही ‘थोडं थांबून बघू’ म्हणाला नाहीत, हे फार चांगलं केलंत. या जातीची कितीतरी पिल्लं त्या थांबण्यातच जातात. आणि जे झालं ते आज रात्री पुन्हा होऊ शकतं, म्हणून बाकीचे प्रश्न जरा बाजूला ठेवून आधी तेच.

आपण रात्री जेवून सकाळी उठतो, त्या मधल्या वेळात यकृत साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडत असतं. अकराशे ग्रॅमच्या पिल्लाचं यकृत एवढंसं, त्यातला साठा काही तासांचा. अंगावर मांस नाही, चरबी नाही, म्हणजे उसनं घ्यायलाही जागा नाही. उलट शरीराच्या मानाने मेंदू मोठा आणि त्याला साखर सतत लागते. लहान अंग थंडीत लवकर गार पडतं, ते गरम ठेवण्यात आणखी साखर जळते. तुमच्याकडे रात्रीचं शेवटचं खाणं नऊला आणि सकाळचं आठला होत असेल, तर मध्ये अकरा तास गेले. माळव्यातल्या फेब्रुवारीच्या पहाटेचा गारवा त्यात धरा. दिवसभर मुलांबरोबर धावपळ झाली असेल किंवा पोटात जंत असतील, तर आणखी लवकर.

म्हणून निदान चार महिन्यांची होईपर्यंत दिवसातून पाच वेळा खाणं : सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात आणि रात्री अकराला झोपण्याआधी. पुढचे आठ-दहा दिवस पहाटे तीन-चारला गजर लावून दोन घास द्या. चार महिन्यांनंतर चार वेळा, सहा महिन्यांनंतर तीन वेळा. मोठी झाल्यावर या जातीला दोन वेळचं पुरतं, पण एवढ्या लहान चणीची कुत्री आयुष्यभर तीन वेळा खात असेल तरी काही बिघडत नाही.

किती द्यायचं? या वयात, या वजनाला दिवसाला २०० ते २२५ कॅलरी लागतात. लहान जातींच्या पिल्लांसाठी जे कोरडं खाद्य मिळतं, ते साधारण ५० ते ५५ ग्रॅम होतं. पाच वेळांत वाटलं तर दर वेळी १० ते ११ ग्रॅम. हे डोळ्यांनी मोजता येत नाही. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा. पाकिटावर कॅलरी छापलेल्या असतात त्या एकदा वाचा, कारण कंपनीप्रमाणे त्या बदलतात. वजन वाढेल तसं दर आठवड्याला माप वाढवायचं.

आता पुन्हा झटका आला तर. ओळख पटवा : चालताना झोकांडी जाणं, हाक मारल्यावर न बघणं, हिरड्या फिक्या आणि गार, अंगाला कंप, पुढे फिट. ग्लुकोज पावडरचा छोटा डबा आणि एक चमचा फ्रीजवर कायमचे ठेवा, घरातल्या मोठ्या मुलालाही जागा दाखवून ठेवा. एक चमचा पावडर दोन चमचे कोमट पाण्यात कालवायची आणि बोटाने हिरड्यांवर, गालाच्या आतून चोळायची. पावडर नसेल तर मध चालतो. तोंडात ओतायचं नाही. शुद्ध हरपलेल्या पिल्लाला गिळता येत नाही, ओतलेलं फुप्फुसात जातं आणि मग शुगर सावरूनही पिल्लू न्यूमोनियाने दगावतं. फिट चालू असेल तर दातांमध्ये बोट घालू नका, ओठ उचलून बाहेरच्या बाजूनेच लावा. टॉवेलमध्ये गुंडाळा, गरम पाण्याची पिशवी कपड्यात बांधून शेजारी ठेवा, थेट अंगाला नको. पाच-दहा मिनिटांत मान धरू लागली तर लगेच खरं खाणं द्या. नुसत्या साखरेने रक्तातली साखर झरकन वर जाते, शरीर ती तेवढ्याच झरकन खाली आणतं, आणि अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही पुन्हा तिथेच. सुधारली तरी दवाखान्यात जायचंच. नाही सुधारली तर हिरड्यांना लावत लावतच निघायचं.

सासूबाई म्हणतील, साखर कमी होते तर जिलबी चांगलीच की. त्याचं उत्तर वरच्याच वाक्यांत आहे. जिलबी म्हणजे साखर आणि तूप. चढ-उतार तिच्यानेच होतो. पिल्लाला प्रथिनं आणि स्निग्धांश असलेलं, तासन्‌तास पुरणारं खाणं लागतं.

वेळच्या वेळी पोट भरूनही झटका पुन्हा आला, किंवा पाच महिन्यांनंतर आला, तर मात्र ‘लहान आहे म्हणून’ असं म्हणून सोडू नका. या जातीत यकृताला बाजूला टाकून रक्त पुढे नेणारी जादा रक्तवाहिनी जन्मतः असण्याचं प्रमाण जास्त आहे. अशा पिल्लाची वाढ खुंटते, खाल्ल्यानंतर तासा-दोन तासांनी ते गुंगल्यासारखं भिंतीला डोकं लावून उभं राहतं, पाणी फार पितं. खाण्याआधी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी रक्तातली पित्ताम्लं (बाइल ॲसिड) मोजून याचा अंदाज येतो. ही तपासणी नसबंदीच्या ऑपरेशनआधी तर करून घ्याच, कारण भुलीचं औषध यकृतातूनच निघतं. उपाशी किती वेळ ठेवायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या, घरी परस्पर रात्रभर उपाशी ठेवू नका. इंदुरातल्या दवाखान्यात सोय नसेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पंचवीसेक किलोमीटरवर आहे, तिथे विचारा.

‘टीकप’बद्दल थोडक्यात. अशी जात नाही, उपजातही नाही. यॉर्कशायर टेरियरच्या प्रमाणकात, म्हणजे जात कशी असावी हे ठरवणाऱ्या वर्णनात, वजन ३.२ किलोपर्यंत एवढंच लिहिलेलं आहे. तीन महिन्यांच्या वजनाची दुप्पट आणि वर थोडं, असा या जातीच्या मोठेपणीच्या वजनाचा ढोबळ अंदाज धरतात. म्हणजे चिंगी सव्वादोन ते अडीच किलोची, चांगली नेहमीसारखी यॉर्की होईल. टीकप हा भाव वाढवायचा शब्द आहे. आमची विनंती एवढीच, ‘एवढीच राहावी’ म्हणून कुणी कमी खायला घालायचा सल्ला दिला तर तो मनावर घेऊ नका. रविवारसारख्या सकाळी त्यातूनच येतात.

आता पोहे. इंदुरात सकाळी घरात पोहे असताना कुत्रीला देऊ नका म्हणणं किती अवघड आहे, याची कल्पना आहे. पण त्यातला कांदा कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, शिजवलेला असो की कच्चा. शरीराच्या दर किलोमागे १५ ग्रॅमच्या पुढे कांदा गेला की त्रास सुरू होऊ शकतो. चिंगीच्या वजनाला हे १५ ते २० ग्रॅम झाले, म्हणजे लहान कांद्याचा अर्धा भाग. आणि रोज थोडा थोडा गेला तरी तो साचत जातो. लसूण त्याहून जहाल, त्यामुळे लसणाची सेव पूर्ण बंद. लक्षणं लगेच दिसत नाहीत, तीन-चार दिवसांनी धाप, फिक्या हिरड्या, चहासारखी लघवी दिसते, आणि तोवर पोहे कोण आठवतं? सेवेचं मीठ आणि तेल, वरचा जीरावन मसाला, हेही तिला नको. या जातीला तेलकट-तुपकट खाण्याने स्वादुपिंडाला सूज येण्याची खोड आहे. ती आली की उलट्या, पोट आवळून बसणं आणि दवाखान्यात दोन-तीन दिवस. एका मध्यम जिलबीत दीडशेच्या आसपास कॅलरी असतात. चिंगीच्या दिवसभराच्या जेवणाचा हा दोन तृतीयांश भाग. अख्खी जिलबी खाल्लेलं पिल्लू त्याच्या खाण्याला तोंड लावत नाही, यात नवल नाही. ती हट्टी नाही, तिचं पोट भरलेलं आहे.

द्राक्षं, मनुके, बेदाणे मूत्रपिंड बंद पाडू शकतात. लाडवावरचा बेदाणा आणि शिऱ्यातला मनुका लक्षात ठेवा. चॉकलेट नको, बिनसाखरेच्या च्युइंगममधला झायलिटॉल तर जीवघेणा. तापाची किंवा दुखण्याची माणसांची गोळी परस्पर कधीच नाही.

सासूबाईंना ‘देऊ नका’ म्हणू नका, त्यांना काम द्या. सकाळी सातचं आणि दुपारी तीनचं खाणं त्यांच्याकडे. काट्यावर मोजून, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, वाटी खाली ठेवायची आणि शेजारी बसायचं. हातून भरवायचं असेल तर त्याच वाटीतले दाणे हातावर घेऊन भरवा, आठवडाभरात हात हळूहळू वाटीकडे न्या. वासासाठी वर उकडलेल्या चिकनचा एक चमचा बारीक चुरा चालेल. घरात मांसाहार नसेल तर घरच्या पनीरचा चुरा किंवा उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा, सगळं बिनमिठाचं. बाहेरचं सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर नको.

इथे एक सावधगिरी. मोठ्या कुत्र्यांसाठी ‘पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर वाटी उचला, भूक लागली की खाईल’ असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो बरोबरही असतो. चिंगीला तो लागू नाही. एक वेळचं टाळलं तर तासाभराने खाणं कोमट करून पुन्हा ठेवा. लागोपाठ दोन वेळचं टाळलं तर हिरड्यांना ग्लुकोज लावा आणि डॉक्टरांना फोन करा. उपाशी ठेवून वळण लावायचं वय अजून दूर आहे.

बेलचा प्रश्न समजायला ही जात कुठून आली ते थोडं बघावं लागेल. रेशमी केस आणि डोक्यावरची रिबन बघून हा दिवाणखान्यातला प्राणी वाटतो, पण जन्म गिरणगावातला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी उत्तर इंग्लंडच्या कापड गिरण्यांत उतरले, येताना आपली लहान टेरियर कुत्री घेऊन आले. तिथल्या कुत्र्यांशी त्यांचा मेळ बसून यॉर्कशायर परगण्यात ही जात घडली. काम गिरणीतले आणि घरातले उंदीर मारणं. १८६५ साली जन्मलेला हडर्सफील्ड बेन नावाचा नर या जातीचा मूळपुरुष मानतात. १८७१ साली तो घोडागाडीखाली सापडून मेला, पण तेवढ्या सहा वर्षांत त्याच्या पिल्लांनी जातीचा साचा पक्का केला. इंदूरच्या मालवा मिल, हुकुमचंद मिल या कापड गिरण्यांचे भोंगे ज्या घरांनी ऐकले आहेत, त्यांना ही कुत्री परकी वाटू नये. तीही गिरणीकामगारांच्या घरचीच.

दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात १९४४ साली एका खड्ड्यात सापडलेली स्मोकी नावाची यॉर्की होती. वजन चार पौंड, म्हणजे १ किलो ८०० ग्रॅम. फिलिपीन्समध्ये विमानांच्या धावपट्टीखालून टेलिफोनची तार ओढायची होती. तिथला पाइप सत्तर फूट लांब, आठ इंच रुंद आणि आत ठिकठिकाणी माती भरलेली. तिच्या गळपट्ट्याला दोरी बांधून पलीकडून मालकाने हाक मारली आणि ती आतून सरपटत गेली. धावपट्टी खणावी लागली नाही.

तेव्हा चिंगी बेलवर भुंकते ती लाडावली म्हणून नाही. आवाज झाला की कान टवकारणं, हललं की झडप घालणं, आपल्याहून दसपट मोठ्यासमोर न हटणं, यासाठीच तिच्या आजे-पणज्यांना निवडलेलं आहे. तुमचं घर एक चूक मात्र करतंय, ती म्हणजे हसणं. हेच तीस किलोच्या कुत्र्याने केलं असतं तर घरातलं कुणी हसलं नसतं. तीन महिन्यांची असताना जे गोड वाटतं, ते दोन वर्षांची झाल्यावर बाईंच्या पायाला टाके घालतं.

भुंकणं बंद होणार नाही, दोन भुंकांवर थांबवता येतं. तुमच्याच बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. एका कोपऱ्यात तिची सतरंजी ठेवा. आवाज अगदी हळू लावायचा, एवढा की कान हलले पाहिजेत, भुंकता कामा नये. वाजला की लगेच सतरंजीवर खाण्याचा एक दाणा टाका. असं दहा वेळा, तीन मिनिटांत काम संपतं. सकाळ-संध्याकाळ करा, दाणे दिवसाच्या ५५ ग्रॅमांतलेच. तीन-चार दिवसांत आवाज ऐकून ती आपणहून सतरंजीकडे बघू लागली की आवाज थोडा वाढवा. भुंकली तर तुम्ही घाई केलीत, एक पायरी खाली उतरा. मग मुलाला बाहेर पाठवून खरी बेल वाजवा. शेवटी खरा पाहुणा. साधारण तीन-चार आठवडे लागतात. या काळात घरातल्या कुणीही ‘ए चिंगी, गप्प!’ म्हणून ओरडायचं नाही. तिच्या दृष्टीने तुम्हीही तिच्याबरोबर भुंकताय. आणि भुंकत असताना कडेवर उचलायचं नाही, कारण भुंकलं की उंच जागा मिळते एवढंच ती त्यातून शिकते.

बाईंच्या पायांचं कारण बहुधा झाडू आहे. जमिनीलगत सरसर सरकणारी गोष्ट आणि टेरियर, यात कुणाचाच दोष नाही. केर-फरशी चालू असताना तिला दुसऱ्या खोलीत चघळायचं खेळणं देऊन ठेवा, म्हणजे सवयीला रोजचा सराव मिळणार नाही. बाईंनी घरात येताना हातातले दोन दाणे बाजूला टाकावेत, तिच्याकडे न बघता, न वाकता. त्यांना भीती वाटत असेल तर आग्रह करू नका, सुरुवात तुम्ही त्यांच्या शेजारी उभं राहून करा. मुलांच्या पायांना धरली तर मुलांनी झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं. पाय हलला नाही की मजा संपते. मग दोरीचं खेळणं द्यायचं. आणखी एक गोष्ट, एवढ्या पिल्लाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते. संध्याकाळी सात-आठला ती वेड्यासारखी चावत सुटत असेल तर बहुतेक वेळा ती दमलेली असते. तिला जागेवर झोपवा.

तिला सतत कडेवर नेण्याची सवय मात्र सोडा. लसींचा कोर्स होईपर्यंत रस्त्यावर खाली ठेवायचं नाही हे खरं, पार्व्हो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पण झोळीत घेऊन राजवाड्याची गर्दी, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीचा गोंगाट, रिक्षा, हेल्मेट घातलेली माणसं, शाळेची मुलं, हे सगळं लांबून दाखवत राहा. ओळखी करून घेण्याचं वय साडेतीन महिन्यांच्या आसपास संपत येतं, म्हणजे तुमच्या हातात थोडेच आठवडे आहेत. सोळाव्या आठवड्यानंतरच्या शेवटच्या डोसाला दोन आठवडे झाले की पायाने चालवा. मोठी झाल्यावर दिवसाचं अर्धा-पाऊण तास चालणं आणि घरात नाकाचा खेळ, जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे लपवून शोधायला लावणं, एवढ्यावर ती शहाणी राहते.

चालवताना गळ्यात पट्टा नको, छातीवर वाय आकारात बसणारा हार्नेस घ्या. या जातीत श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ असतात. गळ्याला हिसके बसून त्या चपट्या होत जातात आणि मग उत्साहात किंवा पाणी पिताना हंस ओरडल्यासारखा कोरडा खोकला लागतो. एकदा सुरू झाला की औषधाने तो आटोक्यात राहतो, पूर्ण जात नाही. गल्लीतली कुत्री अंगावर आली तर खाली वाकून झटक्यात उचलू नका, स्वतः मध्ये उभं राहून मागे सरका. ओढताण झाली तर हार्नेसवरून तिला वर घेता येतं, गळपट्ट्याने नाही.

घरात उंदीर असतील तर विषाच्या वड्या ठेवू नका, चिकट पाट्याही नको. ती शोधून काढेल, वडी खाईल नाहीतर वडी खाल्लेला उंदीर धरेल. पिंजरा लावा.

केसांबद्दल. यॉर्कीला आतला दाट, लोकरीसारखा थर नसतो. एकेरी रेशमी केस, आपल्या केसांसारखे वाढत जाणारे, फारसे न गळणारे. त्यामुळे केस कापल्याने काही बिघडत नाही, परत येतात. पण मशीनने कातडीपर्यंत उतरवले तर खाली काहीच आडोसा नाही, आणि मे महिन्यातलं इंदूरचं चाळिशीपार ऊन थेट कातडीवर. दीड-दोन सेंटीमीटर केस ठेवून कापायला सांगा. पोट, बगला आणि शेपटीखालचा भाग मात्र बारीक करू दे. पंजांच्या गाद्यांमधले केस काढायलाच हवेत, नाहीतर गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतात आणि या जातीच्या गुडघ्याच्या वाट्या तशाच सैल असतात. चालता चालता मागचा एक पाय दोन-तीन पावलं उचलून धरते आणि पुन्हा टेकते असं दिसलं, तर दाखवून घ्या. सोफ्यावरून उडी मारू देऊ नका, पायरीसाठी एक चौरंग ठेवा. कापणं सहा ते आठ आठवड्यांनी.

घरी रोज पाच मिनिटं विंचरा. कोरडे केस विंचरले की तुटतात. आधी पाण्याचा हलका फवारा, मग टोकांकडून मुळाकडे, शेवटी स्टीलच्या बारीक फणीने. कानामागे, बगलेत आणि हार्नेस बसतो तिथे गाठी होतात. डोळ्यांवरचे केस बांधायचे असतील तर रबर सैल ठेवा, भुवया ताणल्या जाईपर्यंत नाही, आणि रात्री सोडा. अंघोळ दोन-तीन आठवड्यांनी, कुत्र्यांच्याच शाम्पूने, आणि मुळापर्यंत वाळवून. पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या केसांखाली बुरशी धरते, आधी वास येतो, मग खाज. सहा महिन्यांनंतर काळे केस हळूहळू पोलादी निळसर होतील, डोकं आणि पाय सोनेरी तांबूस. दोन-अडीच वर्षं हा बदल चालतो, तो आजार नाही.

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतरच बाहेर. माळव्याची रात्र गार होते, पण डांबर उशिरा निवतं आणि तिचं पोट रस्त्यापासून चार बोटांवर असतं. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा, नाही टिकली तर परत फिरा. ऊन लागलंच, म्हणजे जोरजोरात धाप, लाल हिरड्या, झोकांडी, तर नळाचं साधं पाणी अंगावर टाकून पंख्याखाली धरा आणि दवाखाना गाठा. बर्फाचं पाणी नको. 

लसीचा डोस वजनाप्रमाणे अर्धा करत नाहीत, पूर्णच द्यायचा असतो. मात्र लहान जातींत एकाच वेळी अनेक लसी टोचल्यावर तोंड सुजणं, उलटी असा त्रास थोडा जास्त दिसतो. रेबीजची लस दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने वेगळी द्यायची विनंती करा आणि टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. जंताचं औषध या वयापासून सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे तीन महिन्यांनी, आणि प्रत्येक वेळी त्या दिवशीच्या वजनावर. गोचिडांची गोळी तिच्या वजनाच्या पट्ट्यातली घ्या, मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून देऊ नका. गोचिडांचा ताप इतक्या लहान अंगाला फार लवकर खाली आणतो.

दात आत्तापासून रोज घासा, बोटावर चढणारा मऊ ब्रश आणि कुत्र्यांची पेस्ट, आपली नको. सात महिन्यांची झाल्यावरही दुधाचे सुळे नव्या सुळ्यांशेजारी उभे असतील तर ते काढून घ्यावे लागतात, मध्ये अन्न अडकून नवा दातही किडतो. नसबंदीच्या भुलीतच ते काम होतं.

रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघेल तेव्हा तिला आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या बंद, पंखा चालू, म्हणजे ढोल बोथट ऐकू येतील. केसांवर रंग पडला तर चाटण्याआधी कोमट पाण्याने धुवा.

आणि या रविवारपासून एक वही करा. सकाळी शौच झाल्यावर, खाण्याआधी, काट्यावर टोपली ठेवून तिचं वजन. ते लांबवू नका, दोन मिनिटांत उरकून लगेच खाणं. शेजारी तिने काय टाळलं, शौच कशी होती, एवढंच लिहायचं. या वयात आठवड्याला ५० ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. एक आठवडा आकडा हलला नाही तर जंत आणि खाणं तपासा. ५० ग्रॅमनी खाली आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, वही बरोबर घेऊन. आपल्याला ५० ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण चिंगीच्या अंगाचा तो जवळजवळ विसावा हिस्सा आहे.